नकाशावरील नांवें आणि दोन वाटांचें गणित

शाळेच्या भिंतीवर टांगलेला जिल्ह्याचा नकाशा पाहिला नाहीं असा वाचक विरळा. त्यांतील नद्या, रस्ते आणि सीमा काढणारानें किती मेहनत घेतली असेल याची कल्पना आपणांस येते. परंतु गांवांचीं नांवें लिहिणारापुढेंही एक कोडें उभें असतें, हें सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. ठिपका जेथें गांव तेथेंच द्यावा लागतो. त्यांत निवडीला जागा नाहीं. नांव मात्र ठिपक्याच्या उजवीकडे लिहावें कीं डावीकडे, हें लिहिणाराच्या मर्जीवर असतें. गांवें विरळ असतील तर कसेंही लिहिलें तरी चालतें. गांवें दाट झालीं, कीं एकाचें नांव दुसऱ्याच्या नांवावर चढूं लागतें. तें सरकवावें तर तिसऱ्याशीं गांठ पडते. आणि शेवटीं पहिलेंच खोडावें लागतें.

आमचें धाड हें गांव बुलढाणा तालुक्यांत, जिल्ह्याच्या पश्चिम सीमेजवळ, भोकरदनच्या वाटेवर आहे. येथें आम्हीं पुष्कळ वर्षें मुलांकडून असे नकाशे काढवून घेतले, आणि या नांवांच्या पायीं खोडरबर झिजविणारीं मुलें पाहिलीं. त्याच कामाचा तर्क आतां संगणकास सांगतां येतो, आणि अनेक घरांतील नातवंडें कॉलेजांत तोच विषय शिकत आहेत. आजोबांच्या पिढीचें न्यायशास्त्र आणि नातवंडांचें हें नवें शास्त्र यांत वाटतें तितकें अंतर नाहीं, हें दाखवावें या हेतूनें हा लेख लिहीत आहों. गणिताचा धसका घेण्याचें कारण नाहीं. यांत बेरजेपलीकडचें गणित जवळ जवळ नाहींच.

एकेक करून पाहिलें तर

बुलढाणा जिल्ह्यांत १३ तालुके आहेत. तालुक्याच्या तेरा गांवांचींच नांवें लिहावयाचीं आणि प्रत्येकास उजवी व डावी अशा दोन जागा मोकळ्या, असें धरलें तर एकंदर रचना किती? पहिल्या नांवाच्या दोन, दुसऱ्याच्या दोन, म्हणून दोहोंच्या मिळून चार. याप्रमाणें दुप्पट करीत गेलें म्हणजे तेराव्या नांवापाशीं ८,१९२ रचना होतात. संगणकास एवढें कांहींच नाहीं. डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच तो सर्व तपासून मोकळा होतो. म्हणून नवशिका विद्यार्थी सगळ्या रचना एकेक करून पाहणारा प्रोग्राम लिहितो, आणि तो चालला म्हणून समाधान मानतो.

पण खेडींही दाखवावयाचीं ठरवून नांवें १०० केलीं, तर रचनांची संख्या ३१ आंकडी होते. दर सेकंदास एक अब्ज रचना तपासणारा संगणक लावला, तरी त्यास सुमारें ४०,००० अब्ज वर्षें लागतील. आपल्या पुराणांत ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे एक कल्प, ४३२ कोटि वर्षांचा सांगितला आहे. त्या मापानें हे ९,००० हून अधिक कल्प झाले. विश्वाचें वय तरी शास्त्रज्ञ सुमारें १३.८ अब्ज वर्षेंच मानतात. यंत्र हजारपट वेगवान केलें तरी या संख्येपुढें त्याची मात्रा चालत नाहीं. येथें वेग कामाचा नाहीं, युक्ति पाहिजे.

अन्वय आणि व्यतिरेक

त्या युक्तीचें बीज आपल्या तर्कशास्त्रांत आहे. जेथें धूर तेथें अग्नि, हा अन्वय. जेथें अग्नि नाहीं तेथें धूरही नाहीं, हा व्यतिरेक. एकाच व्याप्तीचीं हीं दोन तोंडें होत. तशीच अर्थापत्ति घ्या. देवदत्त दिवसा जेवत नाहीं, तरी अंगानें चांगला भरलेला आहे. तेव्हां तो रात्रीं जेवत असला पाहिजे. दिवस किंवा रात्र, दोहोंपैकीं एक तरी खरें असलेंच पाहिजे. एक गेलें, कीं दुसरें आपोआप सिद्ध झालें. मीमांसक अर्थापत्तीस स्वतंत्र प्रमाण मानतात व नैयायिक तिला अनुमानांतच घालतात. तो वाद येथें नको.

आतां हें नकाशास लावूं. नांदुरा पश्चिमेस आणि जलंब त्याच्या पूर्वेस, असे दोन ठिपके जवळजवळ आहेत. नांदुऱ्याचें नांव उजवीकडे आणि जलंबचें डावीकडे लिहिलें, तर दोन्ही नांवें मधल्या जागेंत येऊन एकमेकांवर चढतात. म्हणून या दोन गोष्टी एकदम नकोत, एवढी एक मनाई झाली. या एका मनाईंतून दोन अनुमानें निघतात. नांदुरा उजवीकडे असेल, तर जलंब उजवीकडेच गेलें पाहिजे. आणि जलंब डावीकडे असेल, तर नांदुरा डावीकडेच गेलें पाहिजे. पहिलें अनुमान अन्वय मानलें, तर दुसरें त्याचा व्यतिरेक. कागदावर प्रत्येक अनुमानाचा एक बाण काढावा. म्हणजे एका मनाईचे दोन बाण झाले.

कांहीं अटी एकेरी असतात. धाड सीमेजवळ असल्यामुळें मोठ्या अक्षरांत त्याचें नांव डावीकडे लिहिलें, तर तें जिल्ह्याची सीमा ओलांडून जालना जिल्ह्यांत जाऊन पडेल. तें नको असेल तर धाडास एकच जागा उरली, ती उजवी. आणि पूर्वेकडील चिखलीचें नांव डावीकडे लिहिलें असतां तें धाडच्या नांवास भिडत असेल, तर चिखलीचीही जागा ठरून गेली. येथें आपण कांहीं अंदाज केला नाहीं. जें सक्तीनें प्राप्त झालें तेवढेंच लिहिलें.

चार गांवांची प्रदक्षिणा

या बाणांची खरी करामत रांगेंत दिसते. आपल्या जिल्ह्याच्या उत्तर भागांतून भुसावळ-नागपूर लोहमार्ग जातो, आणि त्यावर पश्चिमेकडून पूर्वेकडे मलकापूर, नांदुरा, जलंब व शेगांव हीं स्टेशनें येतात. समजा, नकाशा लहान आणि अक्षरें मोठीं असल्यामुळें लगतच्या कोणत्याही दोन गांवांचीं नांवें समोरासमोर आलीं कीं एकमेकांवर चढतात. शिवाय मलकापूर पश्चिम सीमेकडचें, म्हणून त्याचें नांव डावीकडे नको. आणि शेगांव पूर्व सीमेकडचें, म्हणून त्याचें नांव उजवीकडे नको. अटी एकंदर पांच: तीन मनाया गांवागांवांमधल्या आणि दोन सीमेच्या.

आतां चालत जाऊं. मलकापूर उजवीकडे, म्हणून नांदुरा उजवीकडे, म्हणून जलंब उजवीकडे, म्हणून शेगांव उजवीकडे. पण शेगांव उजवीकडे चालत नाहीं. तें डावीकडे नेलें पाहिजे. डावीकडे न्यावें, तर व्यतिरेकाचे बाण उलट धांवत येतात: जलंब डावीकडे, नांदुरा डावीकडे, मलकापूर डावीकडे. आणि मलकापूर डावीकडे चालत नाहीं. तें उजवीकडे गेलें पाहिजे. निघालों तेथेंच परत आलों. चार गांवांचीं उजवी-डावी मिळून आठ घरें, आणि आठही घरांची एकच प्रदक्षिणा! ज्या वाटेनें ‘उजवीकडे’ मधून ‘डावीकडे’ ला आणि पुन्हां ‘डावीकडे’ मधून ‘उजवीकडे’ ला यावें लागतें, त्या नांवास कोणतीच जागा उरली नाहीं. हा नकाशा होणें नाहीं.

सोळा रचना तपासूनही हेंच उत्तर मिळालें असतें. परंतु तें केवळ ‘नाहीं’ एवढेंच असतें. बाणांची प्रदक्षिणा ‘कां नाहीं’ हेंही सांगते. पांच अटींची सांखळी डोळ्यांपुढें आहे. तींतील कोणतीही एक कडी सोडली, कीं रांग सुखानें बसते. अक्षरें थोडीं लहान करा, किंवा शेगांवचें नांव अकोला जिल्ह्यांत थोडें जाऊं द्या, किंवा जलंब गाळा. कोणता उपाय करावयाचा हें माणसानें ठरवावें. उपाय कोठें करावयाचा हें तर्क दाखवितो.

संगणकास सांगावयाचें तें कसें

प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलांसाठीं दोन शब्द. प्रत्येक नांवास शून्यापासून क्रमांक द्यावा. क्रमांकाच्या दुपटीचें घर उजवीचें, आणि त्यांत एक मिळविलें कीं डावीचें. असें केलें म्हणजे कोणत्याही घराचें विरुद्ध घर शोधण्यास द्विमान पद्धतींतील शेवटचा आंकडा उलटा करणें पुरे होतें. प्रत्येक मनाईचे दोन बाण मांडावे. एकेरी अटीचा बाण एकच: नको असलेल्या घरांतून त्याच्या विरुद्ध घराकडे. १०० नांवें आणि ३०० मनाया असतील, तर घरें २०० आणि बाण ६००. यापलीकडे पसारा नाहीं.

मग जीं घरें बाणांच्या वाटेनें एकमेकांस पोंचतात, त्यांचा एकेक गट पाडावा. हें काम सर्व घरांतून एकदांच फिरून कसें करावें, तें रॉबर्ट टार्जन यांनीं १९७२ सालीं दाखविलें. एखाद्या नांवाचीं दोन्ही घरें एकाच गटांत आलीं, तर अटी परस्परविरुद्ध आहेत असें समजून थांबावें. तसें कोठेंच झालें नाहीं, तर उत्तर निश्चित आहे. ज्या गटांतून पुढें बाण जात नाहीं तो आधीं खरा धरावा, त्याच्या विरुद्ध गट खोटा. मग उरलेल्यांत पुन्हां तसेंच. टार्जन यांच्या रीतींत गट याच क्रमानें बाहेर पडतात, हा आणखी एक लाभ. ही सर्व पद्धति आस्पवॉल, प्लास आणि टार्जन या तिघांनीं १९७९ सालीं प्रसिद्ध केली. काम घरांच्या व बाणांच्या संख्येइतकेंच वाढतें. दुप्पट नांवें आणि दुप्पट मनाया, तर वेळही सुमारें दुप्पट. जेथें हजारों कल्प लागत होते, तेथें क्षणही पुरा लागत नाहीं. मात्र सांखळी फार लांब असेल, तर स्वतःस पुन्हां पुन्हां बोलावणारा प्रोग्राम स्मरणशक्ति संपून अडतो. अशा वेळीं वाटेची नोंद आपण वेगळ्या यादींत ठेवावी.

दोन सोपें, तीन अवघड

येथें जिज्ञासु वाचक विचारील, कीं दोन जागांत एवढी सोय, तर नांव ठिपक्याच्या वर किंवा खालींही लिहिण्याची मुभा दिली म्हणजे काम आणखी सोपें होईल! आश्चर्य हें, कीं उलट होतें. १९९१ सालीं फॉर्मन व वाग्नर या दोघां संशोधकांनीं नकाशावरील नांवांच्या याच प्रश्नाचा निर्णय केला. प्रत्येक नांवास दोनच जागा असल्या, तर वर सांगितल्याप्रमाणें उत्तर झटकन् मिळतें. चार जागा दिल्या, तर प्रश्न गणितांतील अत्यंत अवघड अशा वर्गांत जाऊन बसतो. जागा अधिक, म्हणून नांवें बसण्याचा संभव अधिक हें खरें. पण बसतात कीं नाहीं हें ठरविणें दुरापास्त होतें.

याचें मर्म समजण्यासारखें आहे. ‘हें किंवा तें’ अशा दोन अंगांच्या अटींतील एक अंग खोटें पडलें, कीं दुसरें लगेच खरें करावें लागतें, आणि अट पुरी होते. म्हणून एका नांवाची जागा ठरवून तिच्यामागून येणारे सर्व बाण पुरे केले आणि विरोध आला नाहीं, तर ज्या अटींना हात लागला त्या सर्व पुऱ्या झालेल्या असतात, आणि ज्यांना लागला नाहीं त्या जशाच्या तशा राहतात. पुढें कांहीं झालें तरी मागें वळून हें काम खोडावें लागत नाहीं. ‘हें किंवा तें किंवा पलीकडचें’ अशी तीन अंगांची अट घेतली, कीं ही सोय गेली. एक अंग खोटें पडलें तरी दोन उरतात. अट पुरीही होत नाहीं आणि पूर्वीसारखी मोकळीही राहत नाहीं. तिच्या पोटांत नवी अडचण दबा धरून बसते, आणि ती बऱ्याच पुढें उठते. मग मागें येणें, खोडणें आणि पुन्हां मांडणें सुरू होतें.

अटींच्या पूर्तीचा हा सर्वसाधारण प्रश्न किती खोल आहे, हें स्टीफन कुक यांनीं १९७१ सालीं दाखविलें. पुढच्याच वर्षीं रिचर्ड कार्प यांनीं एकवीस निरनिराळे प्रश्न घेऊन त्यांची अडचण एकाच जातीची आहे असें सिद्ध केलें. तीन अंगांच्या अटींचा प्रश्न त्यांतलाच एक. त्यास सर्वकाळ लागू पडणारी झटपट रीत आहे किंवा नाहीं, हें अद्याप कोणीं सिद्ध केलेलें नाहीं. क्ले गणित संस्थेनें २००० सालीं या निर्णयास दहा लक्ष डॉलरचें बक्षीस लावलें आहे.

मराठी माणसांस अभिमान वाटावा असा एक दुवा येथें आहे. कार्प यांचे शिष्य नरेंद्र करमरकर हे ग्वाल्हेरच्या मराठी घराण्यांत जन्मले. मुंबईच्या आय.आय.टी.ची पदवी त्यांनीं १९७८ सालीं घेतली. १९८४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत असतां त्यांनीं रेषीय नियोजनाची जी नवी पद्धति काढली, तिच्यामुळें त्यांचें नांव जगभर झालें. तीच दृष्टि अटींच्या पूर्तीच्या प्रश्नास लावून त्यांनीं तीन सहकाऱ्यांसह १९९० सालीं निबंध प्रसिद्ध केला. ‘होय’ वरून ‘नाहीं’ वर उड्या मारीत बसण्याऐवजीं त्या दोहोंमधल्या प्रदेशांतूनच चालत उत्तराकडे जावें, अशी त्यांतील कल्पना. पुष्कळ उदाहरणें तिनें सुटतात. सर्व सुटतील अशी हमी मात्र तीही देत नाहीं. एवढ्या थोर गणित्यानेंही जेथें हमी दिली नाहीं, तेथें आपला प्रश्न सोप्या जातीचा आहे काय हें आधीं पाहणें शहाणपणाचें.

पुरणपोळीची जात

सोप्या जाती दोन अंगांच्या अटींपुरत्याच नाहींत. स्वयंपाकघरांत रोज दिसणारी एक जात पाहा. डाळ शिजली आणि गूळ आहे, तर पुरण होईल. पुरण झालें आणि कणीक भिजली आहे, तर पोळी होईल. येथें कारणें कितीही असोत, फळ एकच असतें. आल्फ्रेड हॉर्न या गणित्याच्या नांवानें हे नियम ओळखले जातात. यांची रीत अशी: आरंभीं सर्व गोष्टी ‘नाहीं’ धराव्या, जें सक्तीनें होतें तेवढेंच ‘होय’ करावें. प्रत्येक नियमाजवळ अजून किती कारणें यावयाचीं उरलीं हा आंकडा ठेवावा, एकेक कारण आलें कीं एक उणा करावा, आणि शून्य झाला कीं फळ ‘होय’ करावें. शेवटीं मनाया पाहाव्या. पोळी आणि उपवास आज एकत्र नकोत अशी मनाई असेल, आणि दोन्ही सक्तीनें ‘होय’ झालीं असतील, तर अटी जुळत नाहींत हें निश्चित. ही रीत डाउलिंग व गॅलियर यांनीं १९८४ सालीं व्यवस्थित मांडली, आणि तीही अटींच्या लांबीइतक्याच वेळांत पुरी होते.

अशा सोप्या जाती किती, याचें उत्तर टॉमस शेफर यांनीं १९७८ सालीं दिलें: फक्त सहा. सर्वांस ‘होय’ केलें कीं पुऱ्या होणाऱ्या, सर्वांस ‘नाहीं’ केलें कीं पुऱ्या होणाऱ्या, पुरणपोळीच्या जातीच्या, तिच्या उलट जातीच्या, दोन अंगांच्या, आणि सम-विषमाच्या, ज्या शाळेंतील समीकरणांप्रमाणें एकेक अज्ञात काढून टाकून सुटतात. यांबाहेरची कोणतीही जात त्या अवघड वर्गांत मोडते.

बूल आणि आपला देश

‘होय’ व ‘नाहीं’ यांचें बीजगणित जॉर्ज बूल या इंग्रज पंडितानें उभें केलें. त्याचा मुख्य ग्रंथ १८५४ सालचा. याच क्षेत्रांत नांव असलेला डी मॉर्गन १८०६ सालीं मदुरेस जन्मला होता. बूलची पत्नी मेरी ही जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी. हे एव्हरेस्ट १८३० पासून १८४३ पर्यंत हिंदुस्थानचे सर्व्हेअर जनरल होते. चुलत्यानें या देशाच्या मोजणीवर आयुष्य वेंचावें, आणि पुतणीच्या पतीच्या बीजगणितानें आज नकाशावरील नांवें बसवावीं, हा योग मौजेचा खरा.

घराघरांतील नकाशे

हा सर्व प्रपंच नकाशापुरता नाहीं. मोठ्या कुटुंबांत सणावारीं पाहुणे जमतात. प्रत्येकास दोनच जागा: माडी किंवा माजघर. आत्याबाईंस जिना चढवत नाहीं. त्यांच्याजवळ कोणी तरी सोबतीस हवें. अमक्या दोघांस एका ठिकाणीं झोंप येत नाहीं. तान्ह्या मुलाच्या आईस स्वयंपाकघर जवळ हवें. प्रत्येकाची अट लहान व रास्त असते. ज्या सुनेकडे व्यवस्था असते ती रात्रीपर्यंत गाद्या इकडून तिकडे हलवीत राहते. आणि शेवटीं जमलें नाहीं, कीं हिला एवढेंही करतां येत नाहीं असा शब्द ऐकते. परंतु मलकापूर-शेगांवच्या रांगेप्रमाणें अटींचीच प्रदक्षिणा होत असेल, तर कोणाच्याही हुशारीनें तें जमणारें नव्हतें. दोष तिचा नाहीं, आत्याबाईंचा नाहीं, आणि तान्ह्या मुलाचाही नाहीं. पाटीवर आठ-दहा बाण काढले, तर कोणती कडी सोडावी हें सर्वांस दिसतें, आणि ज्यास ती सोडणें सोपें तो बहुधा आपण होऊन सोडतो.

म्हणून आमचें सांगणें एवढेंच. घरांतील विद्यार्थ्यांनीं प्रोग्राम लिहावयास बसण्यापूर्वीं आपल्या अटी कागदावर मांडून त्या कोणत्या जातीच्या आहेत हें ओळखावें. सहांपैकीं एक जात असेल तर त्या जातीची रीत लावावी, व नसेल तर वाट लांबची आहे हें जाणून निघावें. आणि वडीलधाऱ्यांनीं, व्यवस्था जमत नाहीं असें कोणी म्हणाल्यास त्यास बोल लावण्यापूर्वीं, आपण घातलेल्या अटी एकदां ओळीनें लिहून पाहाव्या.